डावीकडचा रॅक

सकाळचा चहा उकळून वर आला की गॅस बारीक करून मावशी घरातल्या एकेकाला खिडकीशी बोलवायच्या. "वर बघ," म्हणायच्या आणि अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढायच्या. आतली लाली पाहायच्या, बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पाहायच्या आणि "जा" म्हणायच्या. एवढंच. नवरा, लेक, मुक्कामाला आलेली नणंद, एकदा तर शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा यातून सुटला नाही. नवरा सांगायचा, लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी बायकोने इतक्या जवळून डोळ्यांत पाहिलं तेव्हा त्याला अगदी भरून आलं होतं. मग ती म्हणाली, रक्त जरा कमी दिसतंय, पालेभाजी खात जा.

मावशी शहराच्या सरकारी लॅबमध्ये रक्त काढायच्या. एकतीस वर्षं तेच काम. आलेल्याला स्टुलावर बसवायचं, दंडाला रबरी पट्टा बांधायचा, मूठ आवळा म्हणायचं, आणि शीर बोटाला लागेपर्यंत त्याला कसल्या तरी गप्पांत गुंतवायचं. कोणाची नोकरी, कोणाची सासू, कोणाच्या गच्चीतली कबुतरं. सुई कधी टोचली हे माणसाला कळायचं ते मावशी कापूस दाबायच्या तेव्हा. तिथे येणारा लहानथोर त्यांना मावशीच म्हणायचा. एकदा एक वयोवृद्ध न्यायाधीश आले होते. तेही उठताना म्हणाले, येतो मावशी, आणि मग आपल्या पांढऱ्या मिशांची आठवण होऊन ओशाळले.

त्यांच्या टेबलावर, खिडकीखाली, ट्यूब उभ्या ठेवायचे दोन लाकडी रॅक होते. कावीळ झालेल्या माणसाची ट्यूब त्या दोनपैकी एकात जायची. पंधरा वर्षांखालचं मूल असेल तर डावीकडे, त्याहून मोठं माणूस असेल तर उजवीकडे. डावीकडच्या ट्यूबची हिपॅटायटिस ए साठी, म्हणजे दूषित पाण्यातून आणि अन्नातून होणाऱ्या काविळीसाठी तपासणी व्हायची. उजवीकडच्यांची ती होत नसे. त्यांच्या यकृताची तेवढी तपासणी व्हायची.

हा नियम घालून दिला होता जुन्या डॉक्टरांनी. मावशी कामाला लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी समजावलं होतं की ही 'ए' म्हणजे गोवरासारखी, लहानपणी एकदा होते आणि आयुष्यभराची सुटका करून जाते. या शहरात मोठं झालेल्या माणसाला ती होऊनच गेलेली असते, तेव्हा मोठ्यांवर किट वाया घालवायची नाहीत. आणि डॉक्टरांचं खरंच होतं. त्या काळी दर उन्हाळ्यात डावा रॅक भरून वाहायचा. मुलं यायची, डोळे हळदीचे, हातात चिकट गोळी, आणि आठवड्यात पुन्हा गल्लीभर हुंदडायची. बहुतेकांना तर एवढंही होत नसे, आजार येऊन गेल्याचा पत्ताच लागायचा नाही. मावशींना स्वतःला सहाव्या वर्षी झाली होती, चार मावसभावंडांसह. पाचही जणं एका सतरंजीवर ओळीने पडून एकमेकांच्या पिवळ्या डोळ्यांना हसत होती. घरातली मोठी माणसं त्यांना पिवळी पलटण म्हणायची.

राहिली मोठी माणसं. तेव्हा पिवळे डोळे घेऊन येणारा मोठा माणूस हा बहुतेक वेळा बाटलीचा दोस्त असायचा. म्हणून मोठ्यांच्या अर्जात एक ओळ छापलेली होती: 'मद्यपान'. पुढे टिंबटिंब. कोणी ती ओळ कोरी सोडली, तर नोंदणीच्या खिडकीवरचे कारकून, ज्यांना कोरी जागा सहन होत नसे, तिथे हिरव्या शाईने प्रश्नचिन्ह काढून ठेवायचे.

पुढे शहर वाढलं. नव्या पाइपलाइनी आल्या, घराघरांत फिल्टर लागले, टेकडीवर उंच इमारती आणि काचेची ऑफिसं उभी राहिली. डावा रॅक रिकामा होत गेला. नदीकाठच्या जुन्या वस्तीतून अजून मुलं यायची, पण टेकडीवरून एकही येत नसे. मावशींना याचा आनंद होता. रिकाम्या भोकांत त्या पेनं उभी करायच्या, कात्री खोवायच्या, आपला चहाचा चमचाही तिथेच. घरी मात्र त्या फिल्टरच्या पाण्यालाही भीक घालत नसत. लेक जन्मली त्या दिवसापासून घरात पाणी उकळून गार केलेलंच. लेक सहलीला निघाली की कपड्यांच्या आधी पाण्याच्या बाटल्या भरल्या जायच्या. मैत्रिणी तिला पाणपोई म्हणून चिडवायच्या.

लेकीचं लग्न ठरलं तो मुलगा टेकडीवरच्या एका ऑफिसात नकाशे काढायचा. वय एकोणतीस, स्वभावाने गरीब, आणि उंच इतका की मावशींच्या स्वयंपाकघरात शिरताना वाकावं लागे. लेकीच्या वडिलांनी त्याचं नाव शिडी ठेवलं होतं. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. शिडी आणि लिफ्ट यांचं कधी जमलंय का, असं ते पहिल्या भेटीतच म्हणाले होते, आणि शिडी इतक्या मोकळेपणाने हसला होता की त्यांना तो तिथेच पसंत पडला होता. लग्नाला सात आठवडे राहिले होते.

एका रविवारी शिडी जेवायला आला आणि अर्ध्या पोळीवरच थांबला. चार दिवस अंगात कसकस होती, म्हणाला, अन्नाचा वासही नको वाटतोय. मावशींनी हात धुतले, त्याला खिडकीशी नेलं आणि त्यांचा हात पोचेना म्हणून खुर्चीवर बसवलं. वर बघ म्हणाल्या. त्याने वर पाहिलं. डोळे लिंबासारखे पिवळे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः त्याचं रक्त काढलं. नकाशात नदी निळी का दाखवतात, आपली नदी तर कधी निळी दिसली नाही, असं विचारून त्याला बोलण्यात गुंतवलं, ट्यूबवर चिठ्ठी लावली, आणि हात सवयीने उजवीकडे गेला. एकोणतीस वर्षं. उजवा रॅक. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

बुधवारी शिडी रिपोर्ट घेऊन थेट त्यांच्याकडे आला. काकूंना त्यातलं कळतं, त्याच समजावतील, म्हणून कागद टेबलावर ठेवला आणि लेकीने सक्तीने दिलेलं लिंबूपाणी पिऊन घरी झोपायला गेला. मावशी तेव्हा बाजारात होत्या. लेकीच्या वडिलांनी चष्मा लावला. यकृताला सूज, असं लिहिलं होतं. कागदाच्या मागे अर्जाची प्रत टाचलेली होती. त्यावर छापलेलं होतं 'मद्यपान', आणि पुढे, ठसठशीत, हिरवं प्रश्नचिन्ह.

मावशी परतल्या तेव्हा भाजीची पिशवी खाली ठेवायची सोय नव्हती. वडील येरझारा घालत होते. सरकारी लॅब उगाच प्रश्न विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलीच्या कोणत्याही बापाने हेच विचारलं असतं. लेकीने सांगून पाहिलं की तो शिवतसुद्धा नाही, अर्जातली ओळ त्याने कोरी ठेवली कारण त्याला वाटलं, ती पिणाऱ्यांनीच भरायची असते. वडील म्हणाले, हे तर पिणारासुद्धा म्हणाला असता.

"अगं, लिफ्ट आपोआप अडकत नाही," ते मावशींना म्हणाले. "दारात कोणीतरी पाय ठेवलेला असतो. तीस वर्षं हेच बघतोय. मी उद्या त्यांच्या घरी जाऊन सांगतो, लग्न थांबवा."

"आई, तू तरी सांग ना," लेक म्हणाली.

मावशी काही बोलल्या नाहीत. हेच लेकीला लागलं. आईचं गप्प राहणं तिला ओळखता यायचं: भांड्यांचा आवाज न होणारं, कान देऊन ऐकणारं एक गप्प असायचं, आणि दुसरं हे, मनात शंका धरलेलं. मावशींनी तीस वर्षं पिवळ्या डोळ्यांची मोठी माणसं पाहिली होती आणि जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं होतं की तो शिवतसुद्धा नाही. त्यांना शिडी आवडायचा. पण आवडणं हा काही रिपोर्ट नव्हे. शेवटी त्यांनी नवऱ्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की शुक्रवारपर्यंत तो कोणाच्या घरी जाणार नाही.

गुरुवारी सकाळी लॅबमध्ये रांग होती. पहिली आली ती एका ऑफिसातली हिशेबनीस मुलगी, सव्वीस वर्षांची, डोळे पिवळे. तिच्यानंतर एक शाळामास्तर, मग एक तरुण बाप, मग व्यायामशाळेतला शिकवणारा, दंड असा की रबरी पट्टा पुरेना. सगळे टेकडीवरचे आणि सगळे तिशीच्या आतबाहेरचे. मावशी त्यांच्या ट्यूब उजव्या रॅकमध्ये ठेवत गेल्या, आणि चौथी ठेवली तेव्हा रॅकमध्ये एकही भोक उरलं नाही. रिपोर्ट व्हायच्या राहिलेल्या ट्यूब तिथे खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. डावीकडे दोन पेनं, कात्री आणि चमचा.

तो व्यायामशाळेतला पैलवान अजून स्टुलावर कापूस दाबून बसला होता. मावशींनी त्याला हळूच विचारलं, दारू वगैरे? त्याचा चेहरा इतका पडला की एवढ्या मोठ्या देहात तो मावेना.

"मावशी, मी चहासुद्धा पीत नाही हो."

मग काय पितोस, मावशींनी विचारलं. गाजराचा रस, तो म्हणाला, बिनसाखरेचा, काचेच्या इमारतीखालच्या गाडीवर. आणि बर्फ? थोडासा, तो खाली बघत म्हणाला, जणू हे मात्र कबूल करायला लाज वाटत होती. पलीकडे बसलेली हिशेबनीस मुलगी एकदम सांगायला लागली की महिन्यापूर्वी त्यांच्या ऑफिसातला एसी बंद पडला तेव्हा अख्खा मजला त्या गाडीवर उतरला होता. तो दिवस तिला पक्का आठवत होता, कारण कामावरचा तिचा तो पहिलाच दिवस होता आणि रस साहेबांनी पाजला होता.

मावशींनी त्या मुलीला विचारलं, लहानपणी कधी कावीळ झाली होती का. नाही. पैलवानाला? नाही. मास्तरांना? त्यांची आई तर त्यांना शाळेतल्या नळालासुद्धा तोंड लावू द्यायची नाही.

मावशी खुर्चीत बसल्या. लहानपणी म्हातारी माणसं म्हणायची ते त्यांना आठवलं, काविळीच्या माणसाला सगळं जग पिवळं दिसतं. इथे डोळे त्या पोरांचे पिवळे होते, पण पिवळं दिसत होतं ते मावशींना. जुने डॉक्टर खोटं बोलले नव्हते. मोठ्यांना 'ए' होत नाही, कारण ती लहानपणी होऊन जाते. पण जिचं लहानपण शहराने धुऊनपुसून स्वच्छ केलं, त्या पिढीला ती कुठून होऊन जाणार? ती पोरं कोऱ्या पाटीने मोठी झाली होती. लहानपणी चार दिवसांत हसत गेलं असतं ते दुखणं आता तिशीत येऊन त्यांना महिना महिना आडवं पाडत होतं. आणि पाटी कोरी ठेवणाऱ्यांत मावशी स्वतः होत्या, पाणी उकळून उकळून.

त्या उठल्या. रिपोर्ट झालेल्या ट्यूबचा फ्रिज उघडून शिडीची सोमवारची ट्यूब काढली, डाव्या रॅकमधला चमचा उचलून खिशात टाकला आणि ट्यूब त्या भोकात उभी केली. दोन रॅकमधलं अंतर वीतभरसुद्धा नव्हतं. मग कात्री काढली, पेनं काढली आणि उजवीकडच्या आठ ट्यूब एकेक करून डावीकडे नेल्या.

नव्या डॉक्टरबाई तेवढ्यात आत आल्या. त्यांना येऊन वर्षही झालं नव्हतं. या सगळ्या मोठ्यांच्या ना, त्यांनी विचारलं, आणि मोठ्यांची 'ए' तपासायची नाही असा आपला नियम आहे ना?

"नियम बरोबर होता, डॉक्टर," मावशी म्हणाल्या. "माणसं बदलली. किट वाया गेली तर माझं नाव लिहा."

डॉक्टरबाईंनी रॅककडे पाहिलं, चिठ्ठ्यांवरची वयं पाहिली, आणि कोट अडकवून स्वतःच तपासणीला बसल्या. दुपारपर्यंत निकाल आला. नऊपैकी आठ जणांत 'ए'ची ताजी खूण. नववा खरोखरच बाटलीचा दोस्त निघाला, आणि तो तसं आनंदाने कबूलही करत होता. शिडीची ट्यूब पहिल्या भोकात होती. त्यात खूण इतकी ठळक होती की डॉक्टरबाई म्हणाल्या, ही तर आंधळ्यालाही दिसेल.

संध्याकाळी मावशी घरी आल्या. नवरा दारातच होता, इस्त्रीचा शर्ट घालून. शुक्रवार उजाडायची वाट न पाहता निघायचा त्यांचा बेत दिसत होता. मावशींनी नवा रिपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, बर्फापासून पैलवानापर्यंत. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, उलटून पाहिला. मागे हिरवं काही नव्हतं.

"म्हणजे केबल आमची तुटलेली," ते म्हणाले, "आणि मी आत अडकलेल्याला शिव्या देत बसलो."

ते इस्त्रीच्या शर्टातच बाहेर पडले, पण शिडीच्या घरी, फळं घेऊन. तिथे काय बोलणं झालं ते दोघांपैकी कोणीच कधी सांगितलं नाही. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले की पोरगा झोपला तर त्याचे पाय पलंगाबाहेर येतात, लग्नात लांब पलंग द्यायला हवा.

लेक आईशी दोन दिवस नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीशी पापणी ओढून घेताना म्हणाली, तू बुधवारी गप्प का राहिलीस? मावशींनी तिची पापणी सोडली. मला माहीत नव्हतं, म्हणाल्या, माहीत नसताना माझ्याच्याने बोलवत नाही. लेकीने आईच्या हातातला कप घेऊन उरलेला चहा पिऊन टाकला. त्या घरात समेट असाच व्हायचा.

त्याच आठवड्यात मावशींनी घरातल्या तिघांचं रक्त तपासून घेतलं. त्यांच्यात आणि नवऱ्यात 'ए'ची जुनी खूण निघाली, पिवळ्या पलटणीच्या काळची. लेकीची पाटी कोरी. मावशींनी त्याच दिवशी तिला लस टोचून आणली. पाणी उकळणं मात्र थांबलं नाही. नवऱ्याने त्यावर चिडवून पाहिलं, की अगं, तुझ्या या पाण्याने पोरगी कोरी राहिली. मावशी म्हणाल्या, कोरी राहिली म्हणून तर लस टोचता आली, पिवळी होऊन पडली असती तर काय टोचलं असतं? लिफ्टवाल्यांनी उकळलेल्या पाण्याचा पेला भरून घेतला.

डॉक्टरबाईंनी पाणीखात्याला कळवलं. बर्फ बनवणाऱ्याच्या विहिरीशेजारीच सांडपाण्याचा नळ फुटलेला सापडला. गाडी काही दिवस बंद होती, मग उकळलेल्या पाण्याच्या बर्फाने पुन्हा सुरू झाली. पैलवान तिथे परत गेला, पण बर्फाशिवाय. मोठ्यांच्या अर्जात 'लहानपणी कावीळ झाली होती का?' अशी नवी ओळ आली. डॉक्टरबाईंनी इतर शहरांतल्या लॅबना पत्रं लिहिली आणि उत्तरं येत गेली. कुठे समुद्राकाठच्या शहरात तिशीतली माणसं आजारी पडत होती, कुठे डोंगरातल्या गावात अजून चार-पाच वर्षांचीच. एकाच शहरात टेकडीवर एक तऱ्हा आणि नदीकाठी दुसरी, हे बहुतेकांनी लिहिलं होतं. ते वाचून मावशी जुन्या वस्तीत जास्त फेऱ्या मारायला लागल्या. तिथल्या मुलांनीही कावीळ होऊन का मोठं व्हावं, म्हणायच्या, लस आहे, पाणी आहे, ते मिळायला हवं. पुढे वयाचा नियम गेला आणि दोन्ही रॅक एकच झाले.

लग्न तीन महिने पुढे गेलं. डॉक्टरबाई आल्या, कारकूनही आले आणि नवऱ्यामुलाशी हात मिळवताना फार वेळ त्याचा हात सोडेनात. पाण्याच्या पिंपाजवळ मावशी स्वतः उभ्या होत्या, रेशमी साडीत, हातात तांब्या.

पुढे वर्षं गेली. मावशी निवृत्त झाल्या, त्यांचा नवरा गेला, लेक-जावई त्यांना आपल्याकडे घेऊन आले. तिथेही सकाळी खिडकीशी सगळ्यांची हजेरी लागायची. जावई खाली बसायचा, ते शेवटपर्यंत. ब्याऐंशीव्या वर्षी मावशींचं हृदय थकलं. घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका सकाळी रक्त काढायला एक नवी परिचारिका आली. जावयाने अर्ज भरला, जुन्या सवयीने एकही ओळ कोरी न सोडता. 'मद्यपान' पुढे त्याने मोठ्या अक्षरांत 'नाही' लिहिलं, खाली रेघ मारली आणि सासूला दाखवलं. मावशी हसल्या. परिचारिका पट्टा बांधू लागली. लेकीने चहाचा कप उशाशी आणून ठेवला. त्या दुपारी मावशी झोपेतच गेल्या. त्याआधी बोलल्या त्या एवढंच, परिचारिकेला, बाही वर सरकवत:

"डाव्या हाताचं घे गं, उजव्यात मला कप धरायचाय."